४ जानेवारी, टोकियो डोम: ही कुस्ती म्हणायची का?

कृष्णाकाठ

मंडळी, इतकी वर्षं फक्त वाचतोय, धागा पहिल्यांदाच काढतोय. सांभाळून घ्या.

आमचा चिरंजीव नववीत आहे. दोन वर्षांपासून त्याला जपानी कुस्तीचं वेड लागलंय. 'न्यू जपान' म्हणून कंपनी आहे, तिचा दर ४ जानेवारीला टोकियो डोममध्ये वर्षातला सगळ्यात मोठा कार्यक्रम होतो, 'रेसल किंगडम'. यंदा ४ तारखेला रविवार होता, त्यामुळे टीव्ही दिवसभर त्याच्याच ताब्यात. आबा (माझे वडील, वय ७८, ऐन उमेदीत जत्रेच्या फडात कुस्त्या केलेले) खुर्चीत बसून पावटे सोलत होते. तानाहाशी नावाच्या पैलवानाची कारकिर्दीतली शेवटची कुस्ती चालली होती. आबांनी पहिली पाच मिनिटं काही बघितलं नाही. मग म्हणाले, "ह्येचं गुडघं गेल्यात. चालतोय बघ कसा." मुलगा म्हणाला, हो, दोन्ही गेलेत. त्यानंतर पावटे तसेच राहिले.

शेवटी तानाहाशी हरला. ओकादा नावाच्या त्याच्या जुन्या प्रतिस्पर्ध्यानं पाडला. बघतो तर आमच्या कार्ट्याच्या डोळ्यांत पाणी. आबांनी विचारलं, "निकाल आधी ठरल्याला असतोय न्हवं?" तो म्हणाला, "हो." "मग रडतंयस कशापायी?"

त्याला सांगता आलं नाही. मला तर त्याहून नाही.

तर जाणकारांना दोन प्रश्न. याला कुस्ती म्हणायचं, की सरळ नुरा कुस्ती? आणि आबांना समजावून सांगायचं असेल तर सुरुवात कुठून करू?

---

फुरसतीराव

रुमाल टाकून ठेवतो. संध्याकाळी सविस्तर.

---

टोमणा

निकाल आधीच ठरलेला, सगळ्यांना माहीत, तरी घरातली माणसं डोळे पुसत बघतात. याला आमच्याकडे साडेआठची मालिका म्हणतात. हलके घ्या.

---

लालमाती

आधी आबांना नमस्कार सांगा.

आता स्पष्ट बोलतो, राग मानू नका. ही कुस्ती नाही. मी स्वतः चार वर्षं तालमीत काढली आहेत, नाव करण्याइतकं काही जमलं नाही तो भाग वेगळा. पण पहाटे चारला उठून माती उकरलीय, कान मोडून घेतलाय. मैदानात दोन पैलवान नुसतेच एकमेकांच्या मानेवर हात टाकून फिरायला लागले ना, की लोक ओळखतात. "नुरा हाय, उठवा त्यास्नी" म्हणून ओरडा होतो, पंच कुस्ती सोडवतात, इनाम जातं. कोल्हापूरच्या खासबागेत असलं काही खपवून घेत नाहीत. आणि इथं म्हणे पन्नास हजारांच्या मैदानात तिकीट काढून नुरा बघायची? चमकी लावलेले झगे घालून?

मेहनतीला नावं ठेवत नाही. सर्कशीतल्या माणसालाही मेहनत असते. फक्त कुस्ती म्हणू नका.

---

बाराखडी

लालमाती +१. पण झग्यांबद्दल असहमत, मला झगे आवडतात.

---

चष्मिष्ट

लालमाती, तुमच्याच शब्दाला धरून बोलतो. नुरा कुस्तीतला गुन्हा कोणता? निकाल ठरवणं हा तर आहेच, पण खरा गुन्हा फसवणुकीचा. लोकांना निकाली कुस्ती सांगून खोटी दाखवली जाते. टोकियो डोममध्ये बसलेल्या एकाही माणसाची अशी फसवणूक होत नाही. जपानी लोक त्याला कुस्ती म्हणतही नाहीत. ऑलिंपिकवाली ती 'रेसुरिंगु', सुमो तो सुमो आणि ही तिसरी गोष्ट 'पुरोरेसु'. शब्दच वेगळा ठेवलाय. आपल्याकडे तिन्हींना कुस्ती म्हणतो म्हणून भांडण.

कृष्णाकाठ, थोडी पार्श्वभूमी. हा प्रकार तिथं रुजवला रिकिदोझाननं. मूळचा कोरियातला, आधी सुमोत होता. १९५४ मध्ये नुकताच टीव्ही आलेला, घरोघरी नव्हताच. चौकात लावलेल्या टीव्हीपुढं गर्दी करून लोक त्याला धिप्पाड अमेरिकनांना लोळवताना बघायचे. युद्ध हरून नऊ वर्षं झाली होती, गर्दी कशासाठी होती ते वेगळं सांगायला नको. त्याचे दोन चेले जायंट बाबा आणि अँटोनियो इनोकी. दोघांचं पदार्पण एकाच दिवशी, ३० सप्टेंबर १९६०. पुढं १९७२ मध्ये दोघांनी आपापली कंपनी काढली, त्यातली इनोकीची ही न्यू जपान.

टोकियो डोम बांधून झालं १९८८ मध्ये. ४ जानेवारीचा पहिला कार्यक्रम १९९२ चा, तेव्हापासून एकही वर्ष चुकलेलं नाही. 'रेसल किंगडम' हे नाव २००७ पासूनचं. पण जुने लोक अजून 'इत्तेन-योन' म्हणतात, म्हणजे नुसतं 'एक-पॉइंट-चार'. पहिला महिना, चौथा दिवस. सणाला तारखेचंच नाव पडावं असा प्रकार. तिकडं १ ते ३ जानेवारी नववर्षाची सुट्टी असते, तिचं शेपूट धरून हा.

---

टोमणा

थोडक्यात, जत्रेची तिथी ठरलेली. मग गावकऱ्यांनो, भांडताय कशाला? आबांच्या फडात आणि यात फरक एवढाच की इथं नारळाऐवजी बिअर.

---

शंखनाद

अवांतर: धाग्याचं नाव वाचून थेट १९९५ मध्ये गेलो. अमेरिकन पैलवानांची ट्रम्प कार्ड! रँक, उंची, वजन, छाती, दंड. आमच्या वर्गात एकानं अंडरटेकरच्या कार्डाच्या बदल्यात नवी कंपासपेटी दिली होती. अंडरटेकरला सात जन्म आहेत आणि दोन संपलेत, ही माहिती मला सातवीतल्या एका अत्यंत विश्वासू सूत्राकडून मिळाली होती.

---

आज्जीचा_बटवा

कंपासपेटी देणारा मीच. घरी मार पडला होता.

---

शंखनाद

@आज्जीचा_बटवा, तू??? व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो.

---

कासाईकर

कृष्णाकाठ, धागा छान आहे. मी निशी-कासाईला राहते, टोकियोत, जिथं आपली निम्मी आयटीवाली जनता राहते तिथंच. कुस्तीतलं मला शून्य कळतं. पण २०२४ च्या ४ जानेवारीला मी डोममध्ये होते. नवऱ्याच्या ऑफिसातल्या एकाला ऐनवेळी जमेना, तिकीट फुकट जाऊ नये म्हणून (आपण मराठी माणसं) मी गेले.

तोझाई लाइननं इइदाबाशी, तिथून पिवळ्या पट्ट्याच्या लोकलनं एकच स्टेशन, सुइदोबाशी. स्टेशनवरच कळतं आज काय आहे ते. सूटबुटातला मध्यमवयीन माणूस जिन्याच्या कडेला थांबून कोट काढतो आणि आतून काळा टीशर्ट निघतो, पाठीवर कवटीचं चित्र. असे ओळीनं चार-पाच बघितले. कुणी कुणाकडं वळून बघत नाही.

डोमचं छत हवेवर तोललेलं आहे, म्हणजे आतला हवेचा दाब बाहेरच्यापेक्षा जरासा जास्त ठेवून कापडी छप्पर फुगवलेलं. म्हणून आत जायला गोल फिरती दारं. निघताना मात्र काही साधी दारं उघडतात आणि मागून वारा असा ढकलतो की ओढणी पुढं, आपण मागे. टोप्या उडतात, लोक हसतात.

आत सगळ्यात आधी जाणवली ती शांतता. पंचवीस-तीस हजार माणसं आणि आपण शेजारच्याशी हळू आवाजात बोलावं असं वाटेल इतकी शांत. एखादा डाव चांगला पडला की 'ओऽऽ' असा आवाज खालून वर चढत येतो, की पुन्हा शांत. पैलवान कोपऱ्यातून रिंगपर्यंत चालत येतात ती लांबलचक वाट. तिला काबुकी नाटकातलाच शब्द आहे, 'हानामिची', फुलांची वाट.

माझ्या शेजारी पन्नाशीतले एक गृहस्थ होते. शेवटची लढत नाइतो आणि सानादा. मी भाषांतराचं अॅप काढून विचारलं, तुम्ही कोणाकडून? त्यांनी नाइतोकडं बोट दाखवलं आणि अॅपमध्ये काहीतरी बोलले. मराठीत उमटलं, "मी हजेरीसाठी आलो आहे."

मला वाटलं, अॅप गंडलं. लढत संपली, नाइतो जिंकला. कुणी उठेना. मग काहीतरी गडबड झाली, एक काळ्या कपड्यातला धावून आला, हाणामारी झाली, हरलेल्या सानादानंच त्याला हुसकायला मदत केली. मग नाइतोनं माइक घेतला आणि एकेक नाव घ्यायला लागला. शेजारचे गृहस्थ उभे राहिले. शेवटचा शब्द सगळ्या डोमनं एकदम म्हटला. ते गृहस्थ खाली बसले, चष्मा काढून रुमालानं पुसला, मला वाकून नमस्कार केला आणि गेले.

घरी येऊन मी नवऱ्याला विचारलं, हजेरी म्हणजे काय? तर त्यालाही माहीत नाही. आजतागायत नीट कळलेलं नाही. जाणकारांनी सांगावं.

---

बाराखडी

काय लिहिलंयस गं! ओढणी पुढं आपण मागे 😄

---

चष्मिष्ट

कासाईकर, तुम्ही फुकटात जे बघितलंत त्यासाठी लोक दहा वर्षं थांबले होते. सांगतो. आणि कृष्णाकाठ, हेच आबांना सांगा, माझं दुसऱ्या प्रश्नाला उत्तर हेच.

तेत्सुया नाइतो. टोकियोतलाच पोरगा, लहानपणापासून न्यू जपानचा भक्त, स्वप्न एकच: ४ जानेवारीला डोममध्ये शेवटची कुस्ती माझी. तिथं दर उन्हाळ्यात 'जी-वन क्लायमॅक्स' नावाची साखळी स्पर्धा असते. ती जिंकणारा ४ जानेवारीला मुख्य पट्ट्यासाठी, म्हणजे विजेतेपदासाठी लढणार, असा तेव्हा पायंडा होता. नाइतोनं २०१३ ची जिंकली. म्हणजे २०१४ च्या ४ जानेवारीला शेवटची कुस्ती त्याची, ओकादाशी. पण प्रेक्षकांना तो रुचत नव्हता. ओढूनताणून नायक केलेला वाटायचा. कंपनीनं चक्क मतदान घेतलं: शेवटची लढत कोणती हवी? लोकांनी दुय्यम पट्ट्याची नाकामुरा-तानाहाशी लढत निवडली. नाइतोची खाली ढकलली, आणि तो हरला. घरच्या जत्रेत गावानंच हात वर करून सांगितलं, तुझी जोड शेवटी नको.

२०१५ मध्ये तो मेक्सिकोला गेला आणि तिथल्या 'लोस इंगोबेर्नाब्लेस' टोळीत शिरला. म्हणजे कुणाला न जुमानणारे. परत आला तो दुसराच माणूस. कुणासाठी घाई नाही, धावणं नाही, कपडे काढायलाच पाच मिनिटं. 'त्रांकिलो' म्हणायचा, स्पॅनिशमध्ये 'सबुरी'. मॅटवर आडवा पडून डोळा बोटानं उघडून दाखवायचा. कंपनीचा पट्टा हवेत भिरकावून द्यायचा. आधी हुर्यो, मग हळूहळू लोक त्याच्यावर लट्टू. ज्यांनी नाकारलं तेच. आपल्या टोळीची नावं एकेक घेऊन शेवटी गर्दीकडून 'हापोन' (स्पॅनिशमध्ये जपान) म्हणवून घ्यायचं, ही त्याची समाप्तीची रीत. हीच ती हजेरी.

२०१८: ४ जानेवारी, शेवटची कुस्ती, समोर ओकादाच. वरच्या दोरावरून मारायचा त्याचा जुना डाव फसला. हरला. हजेरी नाही.

२०२०: कार्यक्रम पहिल्यांदाच दोन दिवसांचा. ५ तारखेला ओकादाला हरवलं, दोन्ही पट्टे मिळाले. तोच डाव या वेळी बसला. माइक घेतला, नावं घ्यायला सुरुवात केली आणि केंटा नावाच्या पैलवानानं मागून येऊन लोळवला. त्याच्या छातीवर मांडी घालून बसला, हातात दोन्ही पट्टे. डोममध्ये हजारो माणसं तोंड उघडं ठेवून उभी, शेवटचा शब्द घशात.

मग कोव्हिड. २०२१ आणि २०२२ ला ओरडायलाच बंदी, फक्त टाळ्या. हजेरी झाली असती तरी 'हापोन' म्हणणार कोण? मधे त्याचा डोळा बिघडला, दोन-दोन दिसायला लागलं, शस्त्रक्रिया झाली. गुडघे तर कधीचे गेलेले.

२०२४: तुम्ही होतात.

आता सांगा, निकाल ठरलेला होता हे शेजारच्या गृहस्थांना माहीत नव्हतं का? त्यांचं वय बघता १९९२ पासून माहीत असेल.

---

कासाईकर

...मी त्या वेळी मोबाइलवर परतीची लोकल शोधत होते. फार वाईट वाटतंय आता.

---

टोमणा

@कासाईकर, अॅपनं मात्र अचूक भाषांतर केलं. जपून ठेवा ते अॅप, दुर्मीळ आहे.

---

लालमाती

चष्मिष्ट, गोष्ट चांगली रंगवलीत. मान्य. पण गोष्टच ती. लिहिणारा कुणीतरी बसलाय आणि हे हलताहेत. पैलवानाचं आयुष्य असं लिहून होत नाही.

---

हलगी

लिहून ठेवलेलं बिघडतं तेव्हा काय होतं तेही बघा मग. ४ जानेवारी १९९९, शिन्या हाशिमोतो विरुद्ध नाओया ओगावा. हाशिमोतो म्हणजे कंपनीचा खांब. ओगावा ज्युदोत बार्सिलोना ऑलिंपिकचं रुपेरी पदक घेतलेला, इनोकीच्या तालमीतला. लढत सुरू झाली आणि ओगावानं खरंच मारायला सुरुवात केली. हाशिमोतोला काय चाललंय ते आधी समजेनाच. खाली पडलेल्या माणसाच्या तोंडावर लाथा. शेवटी दोन्ही बाजूची माणसं रिंगमध्ये घुसली. यामागं इनोकी होता की नाही, यावर तिकडं अजून वाद घालतात.

त्यानंतरची काही वर्षं इनोकीनं आपल्या पैलवानांना खऱ्या मारामारीच्या स्पर्धांमध्ये उतरवलं, 'आमचे खरेच दणकट आहेत' हे दाखवायला. बरेच जण हरले. लोक दुरावले, कंपनी डबघाईला आली. २००७ ला पहिलं 'रेसल किंगडम' भरवलं तेव्हा शेवटच्या लढतीसाठी दुसऱ्या कंपनीची मदत घ्यावी लागली. म्हणजे बघा लालमाती, खरं करायला गेले आणि खड्ड्यात पडले.

बाहेर काढलं कुणी? आबांनी ज्याचे गुडघे बघितले त्यानं. तानाहाशी लांब केस, हवेत गिटार वाजवल्यासारखं करायचा, लोकांना 'आय लव्ह यू' म्हणायचा. जुने प्रेक्षक त्याची टर उडवायचे. तो गावोगाव फिरून तिकिटं विकत राहिला. १९९९ च्या ऑक्टोबरात पदार्पण, २६ वर्षं. शेवटची दोन वर्षं तर कंपनीचा अध्यक्षही तोच.

---

फुरसतीराव

आलो. संध्याकाळ झाली, फक्त तीन दिवसांनी.

लालमातींना एक गंमत सांगतो. न्यू जपानची तालीम टोकियोत नोगे इथं आहे. नवी पोरं तिथंच राहतात. काळी चड्डी, बारीक केस, स्वयंपाक, झाडलोट, मोठ्यांचे कपडे धुणं आणि रोज शेकड्यांनी बैठका. 'यंग लायन' म्हणतात त्यांना. वर्षानुवर्षं झगा नाही, चमकी नाही, चार-पाचच साधे डाव वापरायची मुभा. तर या बैठकांना बाकी जगात नाव काय आहे? 'हिंदू स्क्वॉट'. आणि आपल्या जोरांना 'हिंदू पुशअप'. कार्ल गॉच नावाचा युरोपातला पैलवान होता, त्यानं आपल्याकडच्या पैलवानांची ही मेहनत उचलली आणि जपानात इनोकीच्या पोरांकडून घोटून घेतली. तिकडं त्याला कुस्तीचा देव म्हणायचे. म्हणजे तुम्ही पहाटे चारला जे काढत होतात तेच ते काढतात. हौद्याऐवजी फळीवर, एवढाच फरक.

---

लालमाती

हे माहीत नव्हतं. वस्तादाचे कपडे आम्हीही धुतलेत. थंडाई वाटून हाताला फोड यायचे. जोर कितीचे काढतात?

---

फुरसतीराव

बैठका हजारापर्यंत जातात असं पैलवानांच्याच मुलाखतींत येतं. जोरांचा आकडा पक्का नाही म्हणून टाकत नाही.

---

शंखनाद

भारत-जपान चाललंच आहे तर टायगर जीत सिंगला विसरू नका. पंजाबात जन्मलेला, कॅनडात गेलेला. सत्तरच्या दशकात फेटा बांधून, तोंडात तलवार धरून जपानी प्रेक्षकांच्या अंगावर धावून जायचा, लोक खुर्च्या सोडून पळायचे. १९७३ मध्ये टोकियोच्या शिंजुकूत भर रस्त्यात इनोकी बायकोबरोबर खरेदीला आलेला असताना त्याच्यावर हल्ला केला. पेपरात बातमी! आणि आपला खली, डब्ल्यूडब्ल्यूईच्या कितीतरी आधी, २००१-०२ मध्ये 'जायंट सिंग' नावानं न्यू जपानमध्येच होता.

---

हलगी

आणि सीमेपलीकडचा अक्रम पैलवान. डिसेंबर १९७६, कराची. इनोकी समजत होता नेहमीची लढत आहे, अक्रमच्या घराण्यासाठी तो इभ्रतीचा प्रश्न. ती खरी झाली. इनोकीनं हात पिरगाळून निकामी केला. त्याच वर्षी जूनमध्ये इनोकी मुहम्मद अलीशी लढला होता, पंधरा फेऱ्या बहुतेक पाठीवर पडून लाथा मारत. बरोबरीत सुटली, प्रेक्षक वैतागले.

---

बाराखडी

मग खाशाबा जाधवांचंही सांगा कुणीतरी. १९५२ हेलसिंकी, ब्राँझ. त्या गटाचं सुवर्ण घेतलं तो शोहाची इशी जपानीच. खाशाबांची त्याच्याशी लढत झाली होती, अगदी थोडक्यात गेली. आणि विश्रांतीही न देता त्यांना पुढच्या, सोव्हिएत पैलवानाशी लढतीला उतरवलं. आमच्या शाळेत सर सांगायचे तेव्हा सर स्वतः तापायचे. ही मात्र खरी कुस्ती हं, पुरोरेसु नाही. माझा मुद्दा काहीच नाही, आठवलं म्हणून.

---

आज्जीचा_बटवा

एक आई म्हणून विचारते (हो, कंपासपेटी देणारी 'मीच', शंखनादनं परस्पर 'एकानं' करून टाकलं आणि मी पण घाईत 'देणारा' लिहिलं). कृष्णाकाठ, मुलगा नुसता बघतो ना? गादीवर करून बघत नाही ना? निकाल ठरलेला असला तरी हाडं खरी असतात. लहान भावानं बहिणीला सोफ्यावरून 'सोडलं' होतं आमच्याकडे, सहा टाके.

---

चष्मिष्ट

आज्जी, अगदी बरोबर मुद्दा. कात्सुयोरी शिबाता. एप्रिल २०१७ मध्ये ओकादाशी लढताना त्यानं स्वतःचं कपाळ ओकादाच्या कपाळावर असं आपटलं की आवाज प्रेक्षागृहात घुमला. लढत संपवून आत गेला आणि कोसळला, मेंदूत रक्तस्राव. पुन्हा कधी लढेल असं वाटलं नव्हतं. २०२२ च्या ४ जानेवारीला त्याच डोममध्ये परतला, स्वतः शिकवलेल्या पोराशी लढायला. मला ती लढत बघताना आनंद कमी, धाकधूक जास्त होती. मी या खेळाचा कितीही भक्त असलो तरी ते डोकं आपटणं मला पटत नाही. ठरलेल्या निकालासाठी खरं डोकं कशाला?

---

लालमाती

चष्मिष्ट, या एका वाक्यावर तुम्हाला माझ्याकडून मानाचा फेटा.

---

टोमणा

पहिल्यांदाच या संस्थळावर दोन आयडींचं एकमत झालेलं पाहिलं. अॅडमिन, धागा कुलूपबंद करा.

---

हलगी

कुठून सुरुवात करायची यावर माझं वेगळं मत. आबांना आधी नाइतो नको, दहा वर्षांचं ओझं आहे त्यावर. सरळ ४ जानेवारी २०१७ लावा, ओकादा विरुद्ध केनी ओमेगा. ४६ मिनिटं ४५ सेकंद. पहिली वीस मिनिटं सावकाश, मग श्वास घ्यायला उसंत नाही. अमेरिकेतला एक नावाजलेला कुस्ती-पत्रकार पाचपैकी तारे देतो, त्यानं या लढतीला सहा दिले.

---

बाराखडी

४६ मिनिटं?? आबांना दुपारची झोप आहे हो. २०१५ ची नाकामुरा-इबुशी लावा. वीसेक मिनिटांत मामला आटोपतो आणि नाकामुराची चाल बघूनच पैसे वसूल. अंगात आल्यासारखा वळतो तो.

---

फुरसतीराव

आणि अख्खा कार्यक्रम बसून बघू नका. सुरुवातीला वीस-वीस जणांची खिचडी, मग टॅग (जोड्यांच्या लढती), मग आणखी टॅग. भक्त मंडळी कबूल करत नाहीत, पण त्यातला तासभर तरी जेवण उरकायलाच असतो. दोन दिवसांचा प्रयोग तर मला कधीच झेपला नाही. २०२० ला पहिल्या दिवशी ४०,००८ माणसं आणि दुसऱ्या दिवशी ३०,०६३. लोकांनी खिशानं मत दिलं. जत्रा एकच दिवस हवी. दुसऱ्या दिवशीचं जिलबीचं ताट कसं दिसतं माहीत आहे ना?

---

चष्मिष्ट

फुरसतीराव, त्या दुसऱ्याच दिवशी लायगरची निवृत्ती होती हे विसरलात. अंगभर लाल पोशाख, शिंगांचा मुखवटा, १९८९ च्या एप्रिलमध्ये त्याच डोममध्ये पहिली लढत आणि २०२० मध्ये तिथंच शेवटची. तुमची जिलबी तुम्हाला लखलाभ.

---

कृष्णाकाठ

मंडळी, मनापासून आभार. आठवडाभर लिहिता आलं नाही, उसाची तोड आली होती.

काल रात्री जेवणं झाल्यावर चष्मिष्ट यांची पोस्ट आबांना मोठ्यानं वाचून दाखवली. चिरंजीवानं मधेमधे मोबाइलवर तुकडे दाखवले: २०१४ चा, २०१८ चा, मग केंटा छातीवर बसलेला. तिथं आबांनी जी शिवी दिली ती इथं लिहिता येणार नाही. पोरगं गपकन हसलं. मग २०२४ ची हजेरी लावली. आबांना त्यातलं एक नाव कळलं नाही. सगळ्या मैदानानं मिळून शेवटचा शब्द म्हटला तेव्हा नुसती मान हलवली.

मग जे बोलले ते मला नवीन होतं. म्हणाले, त्यांच्या काळात जत्रा कमिटी मोठ्या पैलवानाला आधीच पैसे देऊन सांगायची, लगेच पाडू नकोस, लोकांना पंधरा मिनिटं बघू दे. त्यांना स्वतःला एकदा असं सांगितलं होतं, समोर होता पंचक्रोशीतला नावाजलेला गडी, उतारवयाला लागलेला. आबा तेव्हा बावीस-तेवीसचे. तिसऱ्या मिनिटालाच त्याची पकड ढिली पडलेली त्यांना कळली होती. "पंधरा मिंटं खेळवला त्येला. मग घिस्सा मारला. त्यो उठताना माझ्या कानात म्हनला, बरं केलंस." मी विचारलं, मग ती नुरा होती का? तर म्हणाले, "पाडला तर खराच न्हवं?"

लालमाती, तुमचं मत काय ते सांगा, आबांनी खास विचारलंय.

---

लालमाती

दोनदा वाचलं. आबांच्या पायाला हात लावायला यायचंय, पत्ता व्यनि करा.

कुस्ती म्हणणार नाही. पण २०१७ ची ती ४६ मिनिटांची कुठं बघायला मिळते?

---

टोमणा

गेले. लालमाती गेले.

---

कृष्णाकाठ

@लालमाती, व्यनि केलाय. त्यांचं स्वतःचं अॅप आहे, 'न्यू जपान वर्ल्ड', महिन्याला पैसे भरावे लागतात. रविवारी आलात तर आमच्याकडंच बघू, चिरंजीवाकडे आहे. आबांनी कॅलेंडर काढून २०२७ ची ४ जानेवारी बघून ठेवलीय. सोमवार येतोय, पोराची शाळा बुडणार म्हणून घरात आत्तापासून वाद सुरू झालाय, आणि आबा पोराच्या बाजूनं आहेत.